सॉफ्टवेअरचे कल्ले

एका बाईने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिला अकरा महिने उत्तर दिलं नाही. मुद्दाम नव्हे, प्रश्न आलाय हेच मला माहीत नव्हतं. पण नोकरीभर मी ज्या एका गोष्टीवरून दुसऱ्यांना नापास करत आले, नेमकी तीच माझ्या हातून झाली, आणि ती दाखवून दिली माझ्याच सहकाऱ्याने, माझीच यादी पुढे धरून. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा बढत्या, सत्कार वगैरे सांगण्यासारखं काही आहे का ते आठवून बघितलं. फारसं नाही. हा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते.

मी परब, जोगेश्वरीची. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबच्या अंधेरीतल्या मुख्य ऑफिसात मी एकवीस वर्षं सर्व्हर सांभाळले. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला आमच्या शाखा. सुई तिथे टोचायची, रिपोर्ट आमच्या मशीनमधून निघायचा. शेजारी मात्र शेवटपर्यंत माझी ओळख 'कॉम्प्युटर रिपेअर करतात त्या' अशीच राहिली, आणि दर गणपतीत कोणी ना कोणी बंद पडलेला प्रिंटर काखेत मारून दर्शनाला यायचं.

तर आधी धंदा समजावते. सर्व्हर म्हणजे मोठा, दणकट कॉम्प्युटर. पूर्वी एका कामाला एक असायचा. रिपोर्टांना एक, बिलांना एक, वेबसाइटला एक. खोलीभर डबे, आणि त्यातले निम्मे दिवसभर जांभया देत बसलेले. मग युक्ती निघाली. आमच्या चाळीत एकाच खोलीत पार्टिशन टाकून दोन बिऱ्हाडं राहायची, तशी एकाच दणकट मशीनमध्ये पार्टिशनं टाकून आठ-दहा बिऱ्हाडं बसवायची. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं, आपला कॉम्प्युटर स्वतंत्र आहे. या बिऱ्हाडांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आता इतकी बिऱ्हाडं झाली की कोणाला किती जागा, कोण बंद पडलं, कोणाची नक्कल काढून ठेवायची हे बघणारं कोणीतरी लागतं. ते बघणारंही एक सॉफ्टवेअरच असतं. ते निवडायचं काम माझं.

ही सॉफ्टवेअरं विकत मिळतात, तशी ओपन सोर्सही मिळतात. ओपन सोर्स म्हणजे ज्याचं आतलं सगळं लिखाण कोणालाही वाचायला खुलं. घ्या, वापरा, बदला. लिहिणारी माणसं जगभर पसरलेली, बरीचशी आपापली नोकरी सांभाळून हौसेने लिहिणारी. आमचे मालक डॉक्टर कोठारी, घाटकोपरचे, माणूस दिलदार. पण या सगळ्या वर्णनातला त्यांनी एकच शब्द उचलला होता, तो म्हणजे फुकट.

पहिल्यांदा निवडायची वेळ आली तेव्हा मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी स्क्रीन बघितली. एका सॉफ्टवेअरची स्क्रीन इतकी देखणी होती की बघत राहावं. मोरपंखी रंग, गोल गोल तक्ते, प्रत्येक मशीनच्या डोक्यावर हिरवा दिवा. जगभरच्या हजारो लोकांनी त्याला पसंतीच्या चांदण्या दिल्या होत्या. साडी घेताना मी पदर, काठ, आतली बाजू, सगळं उलटून बघते. इथे काही उलटून बघितलं नाही. खरं नाव सांगत नाही. आम्ही त्याला मोरपंखीच म्हणायचो. तीन वर्षं ते छान चाललं. साहेब पाहुण्यांना खोलीत आणून स्क्रीन दाखवायचे.

मग तो सोमवार आला. रविवारी आम्ही मशीनच्या मूळ प्रणालीत सुरक्षेच्या दुरुस्त्या टाकल्या होत्या आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं होतं. सोमवारी सकाळी सातला मोरपंखी उघडायला गेलो तर ते उघडेचना. नवीन दुरुस्त्यांशी त्याचं जमत नव्हतं. आत सगळी बिऱ्हाडं शाबूत होती, पण झोपलेली, आणि कोणतं बिऱ्हाड कोणत्या डिस्कवरून उठवायचं हे फक्त मोरपंखीला ठाऊक. बाहेर तिन्ही शाखांत उपाशीपोटी साखर तपासायला आलेली माणसं रांगेत उभी.

माझ्याबरोबर चंदू होता. चंदू वेसाव्याचा कोळी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण लॅबमध्ये मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करणारा एकटाच. त्याने लॅपटॉपवर मोरपंखीचं पान उघडलं, जिथे ते लिहिणारे आणि वापरणारे एकमेकांशी बोलतात. खाली खाली सरकत गेला आणि थांबला.

"अगं, हे मेलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे कधीच मेलंय. शेवटचा बदल दोन वर्षांपूर्वीचा. ही लोकं बघ, विचारतायत. इकडे कोणी आहे का, इकडे कोणी आहे का. एकालाही उत्तर नाय."

तेवढ्यात घाटकोपरच्या शाखेतून फोन आला. काउंटरवरच्या मुलीने वैतागून फोन सरळ समोरच्या आजोबांच्या हातात दिला होता. दुसऱ्या दिवशी मुलुंडला त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि शनिवारी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट त्यांना हवा होता, शिवाय उपाशीपोटी साखरही तपासायची होती.

"बाई, मी रात्रीपासून उपाशी आहे," ते म्हणाले. "तुमचा कॉम्प्युटर पण उपाशी आहे का?"

"पंधरा मिनिटं द्या काका."

"पंधरा मिनिटं मघाशी पण म्हणालात. मी घड्याळजी आहे, मला नका सांगू."

मग चंदूने वही घेतली, मी कीबोर्ड घेतला. एकेक डिस्क उघडायची, आत कोण आहे ते बघायचं, वहीत लिहायचं आणि हाताने उठवायचं. अकरा बिऱ्हाडं होती. रिपोर्टांचं नेमकं सगळ्यात शेवटी सापडलं. दुपारी अडीचला घड्याळजी काकांचा रिपोर्ट निघाला आणि त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की पंधरा मिनिटं एकदाची झाली.

त्यानंतर आम्ही कँटीनमध्ये थंड झालेली पोळीभाजी खात बसलो. चंदू म्हणाला, "तू पापलेट घेताना काय बघतेस?"

"कल्ले बघते. लाल आहेत का."

"खवले चमकतात म्हणून घेतेस?"

"नाही."

"मग हे कशाला घेतलंस?"

माझ्यासारख्या मालवणी माणसाला मासळीवरून कोणी बोललं की ते फार लागतं, आणि कोळ्याने बोललं की उत्तरच उरत नाही. त्या दिवसापासून आमच्यात शब्द पडला, कल्ले बघणे.

संध्याकाळी कोठारी साहेबांनी बोलावलं. "परबताई, आपण फुकटचं घेतलं म्हणूनच झालं ना हे? आता विकतचं घेऊन टाका ना."

मी म्हटलं, "सर, बिलांचं सॉफ्टवेअर आपण विकतच घेतलं होतं. ती कंपनी बंद पडली. तुम्ही स्वतः त्यांच्या साकीनाक्याच्या पत्त्यावर गेला होतात. तिथे काय होतं?"

साहेबांना हसू आलं. "तिथे केकवाला होता. केक चांगला होता."

"विकतचंही मरतं सर. मेल्यावर आपल्या हातात काहीच राहत नाही. याचं निदान आतलं लिखाण तरी आपल्याकडे आहे. चूक फुकटची नाही, माझी आहे. त्याच्यामागे माणसं आहेत की नाहीत ते मी बघितलं नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ठीक आहे, तुम्हीच निवडा. पण या वेळी कागदावर लिहून द्या, काय बघितलं आणि का निवडलं. खाली सही तुमची." आधीच्या निवडीला सही लागली नव्हती. आता लॅबमधला प्रत्येक रिपोर्ट माझ्या सहीवर उभा राहणार होता. त्या महिन्यात मी दोनदा नवऱ्याच्या चहात मीठ घातलं.

मी यादी केली, आणि यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही: जे सॉफ्टवेअर घ्यायचं त्याच्या पानावर आधी एक खराखुरा, छोटा प्रश्न विचारायचा आणि आठ दिवस वाट बघायची. दुसऱ्याच्या दारावर टकटक करून घरात कोणी आहे का बघायचं, बस. उत्तर चुकीचं आलं तरी चालेल. आलंच नाही, तर खोडून टाकायचं.

पहिल्यावर टकटक केली तर आधी फसलेच असते. त्यात दर सोमवारी बदल होत होते, अगदी नेमाने. मी खूश. चंदू म्हणाला, बदल कोण करतंय ते बघ. बघितलं तर सगळे बदल एका स्वयंचलित प्रोग्रामचे! मालक कधीच घर सोडून गेले होते आणि टायमर लावलेला दिवा रोज संध्याकाळी लागत होता. माझ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. खोडलं.

दुसऱ्याचं उत्तर एका तासात आलं. लिहिणारा एकच माणूस, कुठल्याशा बर्फाळ देशातला. इतका प्रेमळ, इतका व्यवस्थित की मला वाटलं, झालं, हेच घ्यायचं. मी त्याला लिहिलं, आमची लॅब आहे, रुग्णांचे रिपोर्ट आहेत. त्यावर त्याने दुसऱ्या दिवशी लिहिलं की मग कृपया माझं घेऊ नका. मी एकटा आहे, आणि आजारी पडलो तर तुम्हाला उत्तर देणारं कोणी नाही. आपली वस्तू नको म्हणून सांगणारा माणूस मला अख्ख्या नोकरीत हा एकच भेटला. त्याचं सॉफ्टवेअर मी घेतलं नाही, पण त्याचं पत्र छापून कपाटाच्या दाराला आतून लावलं.

तिसरं होतं ते दिसायला भयंकर. राखाडी रंग, बारीक अक्षरं, सगळा कारभार सरकारी फॉर्मासारखा. माझ्या प्रश्नाला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुमचा प्रश्न चुकीचा आहे, उत्तर माहितीच्या अमुक पानावर आहे, मात्र ते पान वाईट लिहिलंय हे खरं, तेव्हा तुम्हीच नीट लिहून पाठवा. मला राग आला. रागातच मी ते पान नीट लिहून पाठवलं. त्यावर तीन देशांतल्या चार माणसांनी एका वाक्यावरून पाच दिवस भांडण केलं, आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून होतं तसं, आणि शेवटी माझं पान स्वीकारलं. चंदू ते भांडण मोठ्याने वाचून दाखवत होता.

"हे जिवंत आहे," तो म्हणाला. "कल्ले लालभडक."

मी कागदावर सगळं लिहिलं आणि सही केली. साहेबांनी राखाडी स्क्रीन बघून तोंड वाकडं केलं, पाहुण्यांना दाखवायचं बंद केलं, आणि पुढची नऊ वर्षं आमचा एकही सोमवार तसा गेला नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

राखाडीत एक उणीव होती. ते बिऱ्हाडांच्या नकला काढून ठेवायचं, पण नक्कल वेळेला उघडेल का हे तपासायचं नाही. मोरपंखीने पोळल्यामुळे मला ते खुपायचं. म्हणून मी स्वतः एक छोटं टूल लिहिलं. ते रोज काढलेली प्रत्येक नक्कल खरोखर उघडून बघायचं आणि उघडली नाही तर बोंब मारायचं. नाव ठेवलं राखण. लॅबमध्ये वर्षभर चालवलं आणि मग साहेबांची परवानगी घेऊन सगळ्यांसाठी खुलं केलं. आजवर इतरांचं फुकट घेतलं, थोडं आपणही द्यावं, एवढीच भावना. हळूहळू कुठून कुठून माणसं राखण वापरायला लागली. कोणी प्रश्न विचारला की मी त्याच दिवशी उत्तर द्यायची, आणि उत्तर दिलं की दिवसभर हवेत असायची.

मग मी निवृत्त झाले. जाण्याआधी सगळं चंदूच्या हवाली केलं. पासवर्ड, वह्या, कपाटाची किल्ली, बर्फाळ देशातलं पत्र. राखण मात्र हवाली करायच्या यादीत नव्हती, कारण ती ऑफिसची नव्हती, माझी होती. आणि राखणच्या पानावरच्या प्रश्नांच्या सूचना यायच्या माझ्या ऑफिसच्या ईमेलवर. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी, माझ्याच शिस्तीप्रमाणे, चंदूने ते ईमेल बंद केलं. मला वाटलं, कोणाला काही अडचण नाही, राखण छान चाललीय. मी वाल सोलायला, नातवाला पोहायला न्यायला आणि पहाटे उठायचं नाही म्हणून उशिरा झोपायला मोकळी झाले.

यंदा आषाढात चंदूचा फोन आला. आवाज जरा अवघडलेला.

"अगं, राखाडीची नवीन आवृत्ती आलीय. ती टाकण्याआधी मी आपली सगळी टूल्स तुझ्या यादीप्रमाणे तपासतोय. एक नापास झालंय."

"मग खोड ना. विचारतोस काय?"

"राखण आहे."

मी सोलायला घेतलेले वाल बाजूला ठेवले.

"कल्ले बघितले गं मी. शेवटचा बदल तू जायच्या आधीचा. एक प्रश्न पडलाय तिकडे, अकरा महिने झाले. आठ दिवसांचा नियम तुझाच आहे ना. खोडू की नको, तू सांग."

"खोड," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. पहिल्यांदा त्याचा राग आला. मग माझा आला, आणि तो बराच वेळ गेला नाही. मोरपंखीच्या त्या पानावर 'इकडे कोणी आहे का' म्हणून ओरडणारी माणसं मला आठवत होती, आणि त्या वेळी न बघितलेल्या त्या लेखकाला मी काय काय बोलले होते तेही.

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. प्रश्न होता शबाना काझी नावाच्या बाईचा, रत्नागिरीकडच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या इस्पितळातून. तिने लिहिलं होतं की मूळ प्रणालीतल्या नव्या दुरुस्त्यांनंतर राखण नकला उघडत नाही, आणि तरीही सगळं ठीक आहे असंच सांगते. बोंब न मारणारी राखण ही नसलेल्या राखणीपेक्षा वाईट. मोतीबिंदूच्या शिबिराच्या याद्या त्या मशीनवर होत्या, असंही तिने लिहिलं होतं. खाली, नऊ दिवसांनी, तिनेच पुन्हा लिहिलं होतं: 'उत्तर नाही, म्हणून मीच दुरुस्त केलंय. दुरुस्ती जोडली आहे, योग्य वाटल्यास घ्यावी.' आणि शेवटी, अशा पानांवर कोणी कधी लिहीत नाही असं एक वाक्य: 'आपली तब्येत बरी असेल अशी आशा आहे.'

मी तिची दुरुस्ती तीनदा वाचली. माझ्यापेक्षा नीट लिहिली होती. एका ठिकाणी तर माझी पहिल्यापासूनची चूक तिने न बोलता सुधारली होती. मी ती स्वीकारली, माफी मागितली आणि माझा फोन नंबर पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"परब मॅडम? मी शबाना. मला वाटलं तुम्ही गेलात."

"निवृत्त झाले गं. तेवढंच."

"नाही, म्हणजे मला वाटलं, कायमच्या."

दोघी हसलो. मग मला जे विचारायचंच होतं ते विचारलं. "शिबिराचं काही झालं नाही ना?"

"काय नाय झालं. मी रोज एक नक्कल हाताने उघडून बघायची. आधी सवयच होती, तुमच्या पानावरच लिहिलंय ना, कशावरही आंधळा विश्वास ठेवू नका म्हणून. मग तुमच्या टूलवर पण नाय ठेवला. आणि नऊ दिवसांत दुरुस्त करून टाकलं."

मी तिला माझ्या टकटकीबद्दल, राखाडीवाल्यांच्या उत्तराबद्दल आणि बर्फाळ देशातल्या माणसाबद्दल सांगितलं. त्याने मला एका ओळीत जे शिकवलं होतं ते मी छापून कपाटाला लावलं आणि स्वतः मात्र एकटीच राहिले, हेही सांगितलं. म्हटलं, "राखण तू घेशील का? पण एकटीने नाही. दोघं हवेत."

"दुसरं कोण?"

"आहे एक कोळी. भांडतो फार."

"चालेल," ती म्हणाली. "आमच्याकडे पण भांडायला कोणी नाय ऑफिसात."

चंदूने आढेवेढे घेतले, पण आठवड्यात त्या दोघांचं राखणच्या पानावर पहिलं भांडण झालं. मुद्दा होता, नक्कल उघडली नाही तर राखणने एकदा ओरडावं की तीनदा. अनोळखी दोघं-तिघं त्यात पडले. मी घरी बसून वाचत होते. तीनदा मध्ये बोलावंसं वाटलं, तिन्ही वेळा लॅपटॉप बंद करून वाल सोलायला बसले.

पण सवय कुठे जाते. श्रावणात मी वेगळं नाव घेऊन राखणच्या पानावर एक छोटा, अगदी खराखुरा प्रश्न टाकला आणि वहीत तारीख लिहून ठेवली. आठ दिवस मोजायचे होते. एक दिवसही मोजावा लागला नाही. दुपारी चहा गाळत होते तेव्हा शबानाचं उत्तर आलं.

'माहितीच्या चौथ्या पानावर बघा. ते पान वाईट लिहिलंय, तुम्हीच नीट लिहून पाठवा. आणि मॅडम, नाव बदललं तरी टकटक ओळखते मी. आहोत आम्ही घरात.'

खाली चंदूची एक ओळ होती: 'लॅबच्या टूल्सच्या यादीत राखण परत घातलीय.'